सूर्य-वाऱ्याच्या विजेची पावती आणि तिचा लिलाव

बटण दाबले की दिवा लागतो, एवढे आपणां सर्वांस ठाऊक असते. परंतु त्या दिव्यात आलेली वीज कोळसा जाळून निर्माण झाली, की एखाद्या पठारावर वाऱ्याने फिरविलेल्या पात्यांतून आली, हे त्याच्या उजेडावरून कोणासही सांगता येणार नाही. तरीसुद्धा आपल्या देशातील प्रत्येक वीजवितरण संस्थेस वर्षाअखेर असा हिशेब द्यावा लागतो, की आपण पुरविलेल्या विजेपैकी अमुक एक हिस्सा सूर्य, वारा, पाणी, उसाचे चिपाड अशा पुनःपुन्हा भरून येणाऱ्या साधनांपासून निर्माण झालेला आहे. जी वस्तू ओळखताच येत नाही, तिचा हिशेब द्यावयाचा कसा? या कोड्याचे जे उत्तर शोधण्यात आले, त्यास ‘नवीकरणीय ऊर्जा प्रमाणपत्र’ असे म्हणतात. हे प्रमाणपत्र चढाओढीच्या बोलीने विकले जाते. ते काय आहे, त्याचा भाव कसा ठरतो आणि त्याची किंमत शेवटी कशावर अवलंबून असते, हे सोप्या रीतीने सांगण्याचा आम्ही येथे प्रयत्न करणार आहोत.

प्रथम एक घरगुती दृष्टांत घेऊ. गावच्या देवळात उत्सव असला, म्हणजे महाप्रसादासाठी घरोघरचे तांदूळ येतात. कोणी एक पायली देतो, कोणी पोते देतो. सारे तांदूळ एकाच राशीत ओतले जातात व एकाच हंड्यात शिजतात. पंगतीत बसलेल्या माणसाच्या पानावर कोणाच्या शेतातले शीत पडले, हे विचारणे व्यर्थ होय. परंतु देवस्थानच्या वहीत मात्र प्रत्येकाच्या नावे नोंद असते आणि त्याच्या हाती पावती असते. तांदूळ एकमेकांत मिसळले, पण हिशेब मिसळला नाही. विजेचेही तसेच आहे. शेकडो केंद्रांतील वीज देशभर पसरलेल्या तारांच्या एकाच जाळ्यात ओतली जाते. एकदा ती आत गेली, की वाऱ्याची कोणती आणि कोळशाची कोणती हा भेद उरत नाही. उरते ती केवळ पावती. प्रमाणपत्र म्हणजे ही पावतीच होय. एक प्रमाणपत्र म्हणजे एक मेगावॉट-तास, अर्थात् आपल्या वीजबिलावर दिसणारी १,००० युनिटे, असे त्याचे माप ठरलेले आहे.

या पावतीची गरज कायद्यामुळे उत्पन्न झाली. २००३ सालच्या विद्युत अधिनियमाने राज्यांच्या वीज नियामक आयोगांस असा अधिकार दिला, की त्यांनी आपल्या क्षेत्रातील वितरण संस्थांवर नवीकरणीय वीज खरेदी करण्याचे किमान प्रमाण बांधून द्यावे. पुढे २००८ साली हवामान बदलाविषयीची राष्ट्रीय कृति-योजना प्रसिद्ध झाली. तिने सुचविले, की २००९-१० मध्ये हे प्रमाण शेकडा ५ असावे व पुढील दहा वर्षे ते दरसाल एक टक्क्याने वाढत जावे. या जबाबदारीस आम्ही येथे ‘खरेदी-बंधन’ म्हणू. हे बंधन वितरण संस्थांपुरतेच नव्हते. स्वतःच्या उपयोगासाठी वीज निर्माण करणाऱ्या मोठ्या कारखान्यांवरही ते घालता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली दिला.

परंतु निसर्गाने आपली देणगी सर्वांस सारखी वाटलेली नाही. सातारा जिल्ह्यातील वनकुसवड्याच्या पठारावर वारा आहे, राजस्थानच्या वाळवंटात ऊन व मोकळी जमीन आहे, बेळगाव-कोल्हापूरकडे साखर कारखान्यांत उसाचे चिपाड आहे. उलट दिल्लीसारख्या शहरास ना पठार, ना मोकळी जमीन. आमच्या गोव्यात मोठे वीजनिर्मिती केंद्र नाही. बहुतेक सारी वीज बाहेरील राज्यांतून येते आणि ती घरोघर पोहोचविण्याचे काम एखादी कंपनी न करता सरकारचे वीज खातेच करते. अशा प्रदेशाने आपले बंधन पाळावे कसे? दूरच्या पठारावरील प्रत्येक युनिट तारेने ओढून आणण्याचा करार करणे दर वेळी सोयीचे नसते. तेव्हा वीज जेथे निर्माण झाली तेथेच वापरली जावी आणि पुण्य मात्र ज्यास हवे त्याने विकत घ्यावे, अशी ही योजना आहे.

यात मौज अशी, की पवनचक्कीचा मालक एकाच वेळी दोन वस्तू निर्माण करू लागला. पहिली वस्तू म्हणजे वीज. ती तो जवळच्या वितरण संस्थेस साध्या विजेच्या सरासरी दराने विकतो. दुसरी वस्तू म्हणजे ती वीज निर्मळ साधनांपासून झाल्याची साक्ष. ती तो प्रमाणपत्राच्या रूपाने निराळी विकतो. ज्याने आपली वीज अगोदरच सवलतीच्या वाढीव दराने विकलेली असेल, त्यास त्याच विजेसाठी प्रमाणपत्र मागता येत नाही. एकाच पुण्याचे दोनदा मोल घेऊ नये, हा त्यातील न्याय आहे.

प्रमाणपत्र मिळण्याची रीतही नीट बांधलेली आहे. प्रथम राज्याने नेमलेली संस्था केंद्राची तपासणी करून त्यास मान्यता देते. महाराष्ट्रात हे काम पुण्याच्या ‘महाऊर्जा’ या संस्थेकडे आहे. त्यानंतर दिल्लीच्या राष्ट्रीय भार प्रेषण केंद्राकडे नाव नोंदवावे लागते. मीटरवर किती वीज जाळ्यात गेली याचा दाखला राज्याचे भार प्रेषण केंद्र देते, आणि तो पाहून राष्ट्रीय केंद्र दर हजार युनिटांस एक याप्रमाणे प्रमाणपत्रे त्या मालकाच्या खात्यात जमा करते. कागदाचा तुकडा हाती येत नाही. बँकेतील पैशाप्रमाणे नोंद तेवढी होते. खरेदीदाराने आपले बंधन फेडण्यास ते वापरले, की ती नोंद कायमची मिटविली जाते.

आता विक्रीकडे वळू. केंद्रीय वीज नियामक आयोगाने जानेवारी २०१० मध्ये या योजनेचे नियम केले, नोव्हेंबर २०१० मध्ये तिचा आरंभ झाला आणि मार्च २०११ पासून प्रत्यक्ष व्यवहार सुरू झाले. त्यासाठी तेव्हा दोन वीज-बाजार होते : इंडियन एनर्जी एक्सचेंज आणि मुंबईची पॉवर एक्सचेंज इंडिया लिमिटेड. २०२२ साली हिंदुस्थान पॉवर एक्सचेंज हा तिसरा बाजार उभा राहिला. आरंभी महिन्यातील शेवटच्या बुधवारी दुपारी एक ते तीन या वेळेत बोली घेतली जात असे.

बोली म्हटली, की गोव्यातील वाचकांस देवळातील पावणी आठवेल. देवाला वाहिलेला नारळ किंवा केळ्यांचा घड समोर ठेवतात, एक जण शंभर म्हणतो, दुसरा दीडशे म्हणतो, आणि ज्याची बोली सर्वांत वर जाते त्यास ती वस्तू मिळते. तेथे वस्तू एक, विकणारा एक आणि घेणारे अनेक. शिवाय प्रत्येकाची बोली सर्वांच्या कानांवर पडते. प्रमाणपत्रांचा लिलाव याहून निराळा आहे. येथे विकणारेही अनेक आणि घेणारेही अनेक असतात. प्रत्येक जण आपला भाव व आपली संख्या गुप्तपणे नोंदवितो. दुसऱ्याने काय लिहिले, हे कोणासच दिसत नाही. मुदत संपल्यावर सर्व बोली एकत्र मांडून सर्वांसाठी एकच भाव काढला जातो.

तो कसा काढतात, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. विद्यार्थ्यांनी पेन्सिल हाती घेऊन ते सोडवून पाहावे, अशी आमची सूचना आहे. क, ख आणि ग हे तीन विक्रेते आहेत. क कडे ३०० प्रमाणपत्रे असून त्यास प्रत्येकी निदान ₹१,१०० हवे आहेत. ख कडे ५०० असून त्याची मागणी ₹१,३०० आहे. ग कडेही ५०० आहेत, पण तो ₹१,६०० खाली उतरण्यास तयार नाही. दुसऱ्या बाजूस प, फ आणि ब ही तीन वितरण मंडळे आहेत. प ला ४०० हवी आहेत व ते ₹२,००० पर्यंत देईल. फ ला ३०० हवी आहेत व ते ₹१,४०० पर्यंत देईल. ब ला ६०० हवी आहेत, पण ₹१,२०० च्या वर एक पैसाही देण्याची त्याची इच्छा नाही.

आता विक्रेत्यांस स्वस्ताकडून महागाकडे आणि खरेदीदारांस अधिक भावाकडून कमी भावाकडे ओळीने उभे करा. भाव ₹१,३०० धरला, तर क आणि ख मिळून ८०० प्रमाणपत्रे द्यावयास तयार आहेत, आणि प व फ मिळून ७०० घ्यावयास तयार आहेत. भाव याखाली आणला, तर ख निघून जाईल व बाजारात ३०० च उरतील. म्हणून ₹१,३०० हाच भाव ठरतो आणि ७०० प्रमाणपत्रे विकली जातात. क ची सर्व ३०० जातात, ख ची ४०० जातात व १०० उरतात. ग ची मागणी फार मोठी होती, म्हणून त्याचे एकही विकले जात नाही. ब ची बोली फार लहान होती, म्हणून त्यास एकही मिळत नाही. येथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की क ने ₹१,१०० मागितले असूनही त्यास ₹१,३०० मिळाले, आणि प ने ₹२,००० देऊ केले असूनही त्यास ₹१,३०० च द्यावे लागले. सर्वांस एकच भाव असल्यामुळे, आपणांस जे खरोखर परवडते तेच लिहिण्यात बहुतेकांचे हित असते. उगीच ताणून धरणारा ग सारखा रिकाम्या हाताने परततो.

हा बाजार अगदी मोकळा सोडला नव्हता. भाव फार पडून पवनचक्कीवाल्यांचे दिवाळे निघू नये म्हणून आयोगाने एक किमान भाव ठरविला, आणि वितरण संस्थांची लूट होऊ नये म्हणून एक कमाल भावही ठरविला. आरंभी सौर प्रमाणपत्रांसाठी या मर्यादा ₹१२,००० व ₹१७,००० होत्या, आणि वारा, चिपाड इत्यादि इतर साधनांसाठी ₹१,५०० व ₹३,९०० होत्या. ₹१२,००० ला हजाराने भागले, म्हणजे त्या आकड्याचा अर्थ उमगतो. सौर विजेच्या एका युनिटामागे, विजेची किंमत सोडून, केवळ तिच्या निर्मळपणाबद्दल निदान बारा रुपये मिळावे अशी ही अपेक्षा होती. त्या काळी सौर वीज किती महाग होती, हे यावरून दिसून येईल.

या किमान भावाचा परिणाम काय होतो, हे आपल्याच उदाहरणावरून पाहता येते. समजा, किमान भाव ₹१,५०० आहे. मग ₹१,४०० देणारा फ बाहेर पडला. उरला एकटा प, आणि त्यास हवी आहेत ४००. क व ख या दोघांची मिळून ८०० प्रमाणपत्रे त्या भावास तयार आहेत. तेव्हा निम्मी विकली जातात आणि निम्मी पडून राहतात. आता याहून वाईट कल्पना करा. समजा, प ने विचार केला, ‘यंदा बंधन पाळले नाही तरी विचारतो कोण?’ आणि तो बाजारात आलाच नाही. मग आठशेची आठशे प्रमाणपत्रे तशीच राहतील. लिलावाची पद्धत कितीही निर्दोष असली, तरी ती घेणाऱ्यास घरून ओढून आणू शकत नाही.

खेदाची गोष्ट अशी, की प्रत्यक्षात नेमके हेच घडले. पहिल्या वर्षी प्रमाणपत्रे थोडी होती, म्हणून भाव चांगला राहिला. परंतु २०१२ च्या उत्तरार्धात सौरेतर प्रमाणपत्रांचा भाव ₹१,५०० या तळाशी येऊन टेकला आणि नंतर अनेक वर्षे तेथेच राहिला. पुढे सौर प्रमाणपत्रांचीही तीच गत झाली. २०१६ च्या अखेरीस न विकलेल्या प्रमाणपत्रांची संख्या दीड कोटीहून अधिक झाली होती. कारण उघड होते. अनेक वितरण संस्था तोट्यात होत्या. त्यांनी बंधनाकडे काणाडोळा केला, आणि कित्येक राज्यांत नियामक आयोगांनी दंड करण्याऐवजी ‘यंदाचे पुढच्या वर्षी पाहू’ अशी सवलत दिली. ज्यांनी कायद्यावर विश्वास ठेवून कर्ज काढले व पवनचक्क्या उभारल्या, त्यांच्या खात्यात प्रमाणपत्रांच्या नोंदी साचत गेल्या, पण तिजोरीत पैसा आला नाही. त्यात आरंभी प्रमाणपत्राची मुदत एकाच वर्षाची होती. ती पुढे वाढवीत न्यावी लागली, नाही तर न विकलेला माल कुजल्याप्रमाणे सारा नाहीसा झाला असता.

यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगतो. २०१७ साली किमान भाव ₹१,००० वर आणण्यात आला, तेव्हा उत्पादक न्यायालयात गेले. जून २०२० मध्ये आयोगाने किमान भाव शून्य व कमाल भाव ₹१,००० ठरविला. त्यावरही वाद होऊन जुलै २०२० पासून नोव्हेंबर २०२१ पर्यंत हा बाजार बंदच राहिला. अखेर २०२२ साली नवे नियम झाले व ते त्या वर्षीच्या ५ डिसेंबरपासून लागू झाले. त्यांनी किमान व कमाल या दोन्ही मर्यादा उठविल्या आणि प्रमाणपत्र विकले जाईपर्यंत वैध राहील असे ठरविले. शिवाय साधनांची योग्यता पाहून गुणक लावण्यात आले : वारा व सूर्य यांच्या हजार युनिटांस एक प्रमाणपत्र, जलविद्युतेस दीड, शहरातील कचऱ्यापासून झालेल्या विजेस दोन, आणि जैविक पदार्थांपासून झालेल्या विजेस अडीच.

भाव मात्र वर गेला नाही. २०२४ मध्ये काही सत्रांत तो दीडशे रुपयांच्याही खाली उतरला, म्हणजे युनिटामागे पंधरा पैशांहून कमी! याची सर्वच कारणे वाईट नाहीत. मधल्या काळात सौर वीजच विलक्षण स्वस्त झाली. येथेही बोलीचाच हात होता, पण ती उतरती बोली होती. जो सर्वांत कमी दराने वीज देईल त्यास काम द्यावयाचे, असा तो नियम होता. मे २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथील बोलीत दर ₹२.४४ पर्यंत खाली आला, आणि डिसेंबर २०२० मध्ये गुजरातेतील एका बोलीत तो ₹१.९९ झाला. जेथे २०१० साली केवळ निर्मळपणाचे मोल निदान बारा रुपये धरले होते, तेथे सात वर्षांनी निर्मळपणासकट संपूर्ण वीज अडीच रुपयांच्या आत मिळू लागली. मग वितरण संस्था पावतीऐवजी वीजच का घेणार नाहीत?

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. पुष्कळांना वाटते, की पुण्य असे विकत घेता येणे हाच मुळी ढोंगीपणा आहे. एकाने कोळसा जाळावा व पैसे देऊन निर्दोष व्हावे, हे कसे? या आक्षेपात तथ्य आहे. प्रमाणपत्र घेतल्याने कोळशाच्या केंद्राशेजारी राहणाऱ्या माणसाच्या घरावर पडणारी राख थांबत नाही. परंतु त्या पैशाने दुसरीकडे पवनचक्की चालू राहत असेल, तर देशाचा एकंदर धूर तेवढा कमी होतो. मात्र यासाठी दोन अटी पाळल्या गेल्या पाहिजेत. पहिली ही, की पावती एकदाच मोजली जावी. ज्या साखर कारखान्याने आपले प्रमाणपत्र विकले, त्याने पुन्हा ‘आम्ही चिपाडाची निर्मळ वीज वापरतो’ अशी पाटी दारावर लावू नये, कारण तो मान त्याने पैसे घेऊन दुसऱ्यास दिलेला आहे. दुसरी अट ही, की ज्याने बंधन मोडले त्यास प्रमाणपत्राच्या किमतीहून अधिक तोशीस लागावी. दंड किमतीहून हलका असेल, किंवा तो कधी वसूलच होणार नसेल, तर शहाणा माणूस दंडच पत्करील.

आता कायद्याने हे दुसरे अंग बळकट करण्याचे मनावर घेतले आहे. २०२२ साली ऊर्जा संवर्धन अधिनियमात दुरुस्ती झाली, आणि तीनुसार १ एप्रिल २०२४ पासून नवे प्रमाण लागू झाले. २०२४-२५ साठी ते शेकडा २९.९१ असून २०२९-३० पर्यंत शेकडा ४३.३३ इतके वाढावयाचे आहे. ते न पाळणाऱ्यास दंडाची तरतूद त्याच अधिनियमात आहे. हा दंड खरोखर वसूल होतो की नाही, यावर प्रमाणपत्रांच्या बाजाराचे भवितव्य अवलंबून राहील.

‘हा व्यवहार तर मोठ्या मंडळ्यांचा, त्याच्याशी आमचा काय संबंध?’ असे पालकांपैकी कोणी विचारील. संबंध आहे. वितरण संस्था प्रमाणपत्रांवर जो खर्च करते, तो नियामक आयोगाच्या मान्यतेने वीजदरात धरला जातो. गोव्याच्या वीज खात्यानेही आपले बंधन फेडण्यासाठी सौर विजेच्या करारांबरोबर अशी प्रमाणपत्रे घेतलेली आहेत. म्हणजे शेवटी ही पावती आपल्याच पैशातून येते. वीजदर वाढविण्यापूर्वी आयोग लोकांची मते मागवितो व जाहीर सुनावणी घेतो. त्या वेळी ‘आमच्या नावाने किती निर्मळ वीज घेतली, किती पावत्या घेतल्या आणि किती बंधन बाकी राहिले?’ असे विचारण्याचा प्रत्येक ग्राहकास हक्क आहे. ज्या घरात मराठी वाचता येते, त्या घरात निदान असा प्रश्न विचारण्याइतकी जाग असावी, असे आम्हांस वाटते.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणी पुढे अभियंते व्हाल, कोणी वकील, कोणी हिशेबनीस, कोणी आयोगावर बसून निर्णयही द्याल. पवनचक्की बांधणे हे अभियंत्याचे काम आहे आणि लिलावाचे गणित मांडणे हे अर्थशास्त्रज्ञाचे. ही दोन्ही कामे आपल्या देशात चांगली झाली. कमतरता पडली ती दिलेला शब्द पाळण्याच्या व पाळून घेण्याच्या कामात, आणि तेवढ्यामुळे दीड कोटी पावत्या गिऱ्हाइकाविना पडून राहिल्या. हे तिसरे काम कोणा एका विषयाच्या पदवीधराचे नाही. ते आपणां सर्वांचे आहे.